स्थळपाहणी

"स्थळ आलंय," आप्पा दारातूनच म्हणाले आणि हातातला कागद त्यांनी आईपुढं धरला.

आईचे दोन्ही हात सुतात होते. ती घरात कांड्या भरायची. मोठ्या कोनावरचं सूत मशीनवर छोट्या कांड्यांना गुंडाळायचं आणि भरलेल्या कांड्या यंत्रमागवाल्यांना द्यायच्या, असं ते काम. मशीन बंद न करताच तिनं विचारलं, "कुणाला?"

"वैजूला."

मशीन बंद झालं.

वैजू म्हणजे मी. इयत्ता सातवी, वय वर्षं बारा. मी उंबऱ्यावर बसून चिंच खात होते, ती माझ्या घशात अडकली.

"टकुरं ठिकाणावर हाय न्हवं तुमचं?" आई म्हणाली. "पोरीच्या दाढा अजून यायच्यात."

"मी काय केलंय? छापून आलंय." आप्पा चौथी शिकलेले. छापील अक्षरावर त्यांचा भारी विश्वास. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं, "कुमारी वैजयंता शिवाप्पा बोंगार्डे हिच्या निवासस्थानी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता स्थळपाहणी करण्यात येईल. तरी पालकांनी उपस्थित राहावे. बग. नाव तिचं, घर आपलं, आनि स्थळपाहणी. आता ह्याच्यापरास आनि काय सांगायचं असतंय?"

"मुलगा कोन?"

"ते लिवलं न्हाई. खाली शिक्का हाय."

आई उठली, कागद घेतला, आणि आम्ही तिघं हिराक्काच्या घरी गेलो. इचलकरंजीतल्या आमच्या गल्लीत स्थळ हा शब्द ज्यात आहे असं काहीही हिराक्काकडेच जायचं. तिनं आजवर एकतीस लग्नं जमवली होती आणि त्यातली एकोणतीस अजून टिकून होती. तिनं चष्मा लावला, कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"शिक्क्याचं स्थळ मी आजवर बगितलं न्हाई," ती म्हणाली. "सरकारी नोकरीतला दिसतोय."

"अवो पण बारा वर्साची पोर," आई म्हणाली.

"तेच म्हंते," हिराक्का म्हणाली. "त्याला सांगू, धा वर्सांनी ये."

एवढ्यात शेजारच्या मोमीन चाची आल्या, त्यांच्या हातात तसाच कागद, त्यावर त्यांच्या नसीमचं नाव. त्यांच्यामागून हेरवाडे काकू आल्या. त्यांच्याही हातात तसाच कागद, आणि त्यावर चक्क त्यांच्या दिगंबरचं, म्हणजे आमच्या दिग्याचं नाव. हिराक्कानं तिन्ही कागद मांडीवर ओळीनं मांडले आणि बराच वेळ ती त्यांच्याकडं बघत राहिली.

"पोरीकडं बी येतंय, पोराकडं बी येतंय, आनि मोमिनाच्यात बी येतंय," ती शेवटी म्हणाली. "असं स्थळ माझ्या हयातीत आलं न्हाई."

तेव्हा कुठं मला कंठ फुटला. "आक्का, ते लग्नाचं न्हाई. ते झेप वर्गाचं हाय. सर घर बगाय येणारेत."

झेप वर्ग म्हणजे गावातल्या एका संस्थेनं त्या वर्षी सुरू केलेला जादा वर्ग. नगरपालिकेच्या शाळांतली सहावी ते आठवीची मुलं, फी काही नाही. शनिवार-रविवारी प्रयोग, इंग्रजी, घरी न्यायला गोष्टींची पुस्तकं. परीक्षा झाली होती, साठ जण पास झाले होते, आणि त्यातले चाळीस घेणार होते. त्या साठांना तीन रविवार नमुन्यादाखल बोलावलं होतं, आणि तिसऱ्या रविवारी सदलगे सरांनी कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. मी डोळा लावला तर आत विटांची भिंत. एकावर एक रचलेल्या, नीट सांधे भरलेल्या विटा. आमच्या घरी रोज कांदा चिरला जायचा आणि आत भिंत आहे हे कुणाच्या बापाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, सर, सूत दाखवा. सर म्हणाले, दाखवू की. मी म्हटलं, मीठ दाखवा. म्हणाले, तेही दाखवू. मी म्हटलं, दिग्याच्या डोक्यात ऊ आहे. सर म्हणाले, एकदा निवड होऊ दे, मग काय वाटेल ते आण. त्या दिवसापासून मला ती चाळिसातली एक जागा हवी होती. जेवताना हवी होती, झोपताना हवी होती, दुसरं काहीसुद्धा नको होतं.

"असं व्हय," हिराक्का म्हणाली. तिला थोडं वाईट वाटलेलं दिसलं. मग तिनं कागदाची मागची बाजू वाचली आणि तिचा चेहरा पुन्हा उजळला. "हे बगा. 'घरात अभ्यासासाठी स्वतंत्र जागा, टेबल व खुर्ची आहे किंवा कसे, याची पाहणी केली जाईल.' मागणी काय हाय ते आदीच सांगून मोकळी झाल्यात मानसं. टेबल, खुर्ची, जागा."

"आक्का, ते लग्नाचं न्हाई," मी म्हटलं.

"तू गप. घर बगाय येत्यात ते घर बगूनच ठरिवत्यात. स्थळ म्हंजे स्थळच."

हे सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. साठातले चाळीस निवडायचे आहेत, टेबल आहे का विचारतात, म्हणजे टेबलवाल्यांना घेणार. ह्यात न पटण्यासारखं काय होतं?

आणि स्थळ आलं की काय करायचं हे आमच्या गल्लीला तोंडपाठ होतं. ज्या घरी पाहुणे येणार त्या घरात सगळी गल्ली जायची. हिराक्काच्या ट्रंकेतून सोनेरी काठाचे सहा कप आणि फुलाफुलाची चादर निघायची, चाचींचं लोलकाचं घड्याळ भिंतीवर चढायचं, हेरवाड्यांची पितळी कळशी दारात यायची. माझ्या आतेबहिणीला बघायला आलेल्यांना ते घड्याळ इतकं आवडलं होतं की लग्नानंतर 'ते कुठं गेलं' असं विचारायला तिचा सासरा दोनदा येऊन गेला होता.

खुर्ची हिराक्काकडं होती, पण टेबल ही मागणी गल्लीला नवीन होती. अख्ख्या गल्लीत टेबल एकच, मारुतीमामा परटाचं, इस्त्रीचं. त्याच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग पडलेला होता आणि एक पाय आखूड होता, त्याखाली मामा विटेचा तुकडा ठेवायचे. मामा देतो म्हणाले, फक्त बाराच्या आत परत हवं, लोकांचे कपडे द्यायचे आहेत.

"पन घरं तीन हाईत," आई म्हणाली.

"घरं तीन हाईत, सर एक हाय," हिराक्का म्हणाली. "सर एका टायमाला एकाच घरात असनार. टेबल बी एका टायमाला एकाच घरात असंल. अडचन काय?"

आमच्या तिन्ही घरांची मागची दारं एका अरुंद बोळात उघडायची. ठरलं असं, की सर पुढच्या दारानं बाहेर पडले की टेबल मागच्या दारानं निघणार. आधी नसीमचं घर, मग दिग्याचं, शेवटी आमचं. टेबल उचलायला दिग्या आणि मारुतीमामा. सरांना वाट दाखवायला मी, कारण वाट जितकी लांबवता येईल तितकी लांबवायची होती आणि बडबडीत माझा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. प्रत्येक घरानं सरांना पोटभर खायला घालायचं, म्हणजे ते लवकर उठणार नाहीत.

राहिलं पुस्तक. टेबलावर जाड पुस्तक हवं, असं हिराक्काचं मत पडलं. आप्पा ज्या कारखान्यात माग चालवायचे तिथल्या ऑफिसातून त्यांनी टेलिफोनची जुनी डिरेक्टरी आणली. नसीमनं तिला खाकी कव्हर घातलं आणि दिग्यानं त्यावर मोठ्या अक्षरात 'विज्ञाण' असं लिहिलं.

रविवारी पावणेदहाला मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. सदलगे सर सायकलवरून आले. काटकुळे, तरुण, खांद्याला शबनम, कॉलेज संपून वर्षही झालं नसावं. मला बघून त्यांना बरं वाटलं.

नसीमच्या घरात सगळं झकास जमलं होतं. भिंतीला टेबल, त्यावर हिराक्काची फुलाफुलाची चादर, खुर्चीत नसीम ताठ बसलेली, समोर विज्ञाण. सर दारातच थबकले. टेबलाकडं बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

"तू इथेच बसतेस अभ्यासाला?" त्यांनी विचारलं.

"हितंच बसती," चाची म्हणाल्या. "उठतच न्हाई. जेवान बी हितंच, झोप बी हितंच."

सरांनी पुस्तक हातात घेतलं. कव्हरवरचं नाव वाचलं, खिशातलं पेन काढून 'ण' खोडला आणि वर लाल शाईत 'न' लिहिला. मग त्यांनी पुस्तक उघडलं. आत आडनावं आणि आकडे.

"हे कितवीचं?"

"वरच्या वर्गाचं," नसीम म्हणाली.

चाचींनी वाडगाभर शेवयांची खीर पुढं केली. सरांनी ती संपवली तर आणखी एक वाडगा आला. ते दमानं खात होते आणि मधूनमधून टेबलाकडं बघत होते. शेवटी त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, उठले, आणि आम्ही बाहेर पडलो. मागून टेबल दारात अडकल्याचा मोठा आवाज आला. चाची त्याहून मोठ्यांदा खोकल्या.

दिग्याचं घर पुढचंच होतं, म्हणून मी सरांना उलट्या दिशेला नेलं.

"हा आमचा नळ," मी सांगितलं.

"बरं."

"ह्याला पाणी एक दिवसाआड येतं. तो तिकडचा दुसरा नळ. त्याला येत नाही."

"बरं."

"आणि हा विजेचा खांब. तसलेच पुढं आणखी तीन आहेत. दाखवू?"

सरांनी चारही खांब बघितले. पोरगा गरीब होता.

दिग्याच्या घरी दिग्या खुर्चीत बसून धापा टाकत होता. अंगातला शर्ट घामानं भिजलेला. विटेचा तुकडा नसीमच्या घरीच राहिल्यामुळं टेबल डुगडुगत होतं. हेरवाडे काकूंनी पोह्यांची ताटली त्यावर ठेवली, ती घसरत घसरत कडेला गेली आणि दिग्यानं सवयीनं केल्यासारखी अडवली.

"टेबल हलतंय," सर म्हणाले.

"मला हलनारंच लागतंय सर," दिग्या म्हणाला. "न्हाईतर झोप येती."

"पाचला उठतोय बगा," काकू म्हणाल्या. "पैल्यांदा टेबलाच्या पाया पडतोय, मग तोंड धुतोय."

सरांनी पोह्यांचा घास घेतला आणि मग त्यांची नजर पुस्तकावर गेली. कव्हरवर विज्ञान लिहिलेलं. 'ण' खोडलेला. वर लाल शाईत, त्यांच्याच हातचा, 'न'. त्यांनी तो बराच वेळ वाचला. मग माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. छताला बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बघत राहिले.

सरांनी पोहे संपवले, वरून वाढलेले दुसऱ्यांदाचेही संपवले, कागदावर लिहिलं आणि उठले. बाहेर आल्यावर मला राहवलं नाही.

"सर, किती मार्क पडले?"

"कशाला?"

"टेबलाला."

ते हसले नाहीत. "वैजयंता, तुझ्याकडेही टेबल आहे?"

"आहे की सर. ह्या दोघांपेक्षा भारी आहे."

"अरेरे," सर म्हणाले. मला वाटलं, पोहे जास्त झाले.

आमच्या घरी मात्र घोटाळा झाला होता. घाईत हिराक्काची चादर बोळातल्या गटारात पडली होती आणि टेबल उघडंच भिंतीला लावलेलं होतं. काळा डाग वर बघत होता. आईचं कांडीचं मशीन दुसऱ्या एका चादरीखाली झाकून त्यावर प्लॅस्टिकची फुलं ठेवली होती. खुर्चीत आप्पा हाताची घडी घालून बसले होते, वरपक्षाच्या मोठ्या माणसासारखे. त्यांच्या अंगात निळ्या रेघांचा पांढरा कडक शर्ट होता. आप्पांच्या सगळ्या शर्टांना मागाच्या तेलाचे डाग असायचे, म्हणून मारुतीमामांनी इस्त्रीच्या गठ्ठ्यातला एक काढून दिला होता. मामा आजूबाजूच्या चार गल्ल्यांतले कपडे गोळा करायचे आणि कॉलरच्या आत नंबर घालायचे. कुणाचा शर्ट, हे त्यांनी बघितलं नव्हतं.

मी बघितलं. खिशाखाली निळ्या शाईचा एक डाग होता. झेप वर्गाच्या दुसऱ्या रविवारी पेन गळून तो पडला, तेव्हा मी पहिल्या रांगेत होते.

सर मात्र शर्टाकडं बघतच नव्हते. ते टेबलावरच्या डागाकडं बघत होते.

"हे काय झालं?" त्यांनी विचारलं.

आई चहा घेऊन आली होती. तिनं डागाकडं बघितलं, सरांकडं बघितलं. "लई अभ्यास करती," ती म्हणाली.

सरांनी चहाचा एक घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला. खायचं त्यांनी नको म्हटलं. पेनाला टोपण लावलं, परत काढलं.

"काकू, मला तुम्हाला एक सांगितलं पाहिजे," ते म्हणाले. "आमच्याकडे जागा चाळीस आहेत. वर्गाच्या मागच्या खोलीत आम्ही मुलांसाठी चाळीस टेबलं मांडलीत. रोज संध्याकाळी यायचं, दिव्याखाली बसून अभ्यास करायचा, पुस्तकं हाताशी. ज्या मुलांना घरी बसायला जागाच नाही त्यांना आधी घ्यायचं, असं ठरलंय. त्यासाठीच तर ही पाहणी. आता ज्याच्या घरात टेबल आहे त्याला…" ते थांबले. "आणि ह्या गल्लीत तर घरोघरी टेबल आहे."

मागच्या दाराच्या फटीतून हिराक्काचा अर्धा चष्मा दिसत होता. तिच्यामागं कुणीतरी हळूच म्हणालं, "आता?"

"मी घरातली माणसं सांगतात तेच लिहितो," सर पुढं म्हणाले. "कुणाच्या घरचा चहा पिऊन त्यालाच खोटं ठरवायचं, हे मला जमत नाही. म्हणून एकदा विचारतो. हे टेबल तुमचंच ना?"

त्यांनी ते आईला विचारलं होतं. आणि विचारताना ते तिच्याकडं असे बघत होते की तिनं नाही म्हणावं म्हणून त्यांनीच हात जोडायचे बाकी होते.

माझी आई फाटक्या पदराची बाजू आत घेऊन नेसायची. दारात कुणी आलं की रिकाम्या डब्यावर झाकण घट्ट लावून ठेवायची. आमच्यात अमुक नाही असं परक्यापुढं तिनं कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"आमचंच हाय," आई म्हणाली.

सरांनी मान खाली घातली आणि पेन कागदाला लावलं.

मी घाबरले होते. बोलले तर आई खोटी पडणार होती, तिच्याच घरात, सगळ्या गल्लीदेखत, आणि तिच्यामागोमाग चाची आणि काकूसुद्धा. नाही बोलले तर माझी जागा जाणार होती, मीठ जाणार होतं, सूत जाणार होतं. नसीमची आणि दिग्याची जागाही जाणार होती. आईची मला लाज वाटत नव्हती. आईला माझी लाज वाटेल ह्याचं भय वाटत होतं. तरी तोंड उघडलं, आणि एकदा उघडल्यावर ते मिटेना.

"सर, टेबल मारुतीमामाचं हाय. इस्त्रीचं. मगाशी नसीमकडं हुतं तेच, दिग्याकडं हुतं तेच. खुर्ची हिराक्काची हाय. पुस्तक टेलिफोनचं हाय. हे कप बी आमचं न्हाईत." मी श्वास घेतला. "आनि आप्पांच्या अंगातला शर्ट तुमचा हाय."

सरांनी वर बघितलं. टेबलाचं त्यांना कळलेलं होतं, शर्टाचं नव्हतं. ते आप्पांच्या छातीकडं बघत राहिले. आप्पाही मान वाकवून स्वतःच्या छातीकडं बघायला लागले. मग ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी मुकाट्यानं वरचं बटण सोडलं.

"असू दे, असू दे," सर म्हणाले.

"न्हाई, घ्या," आप्पा म्हणाले. "इस्त्री मोडली न्हाई. मी टेकलोच न्हाई मागं."

ते ऐकलं आणि सर हसायला लागले. आधी नाकातून, मग तोंडातून, मग दोन्ही हातांनी पोट धरून, कारण पोटात दोन वाडगे खीर आणि दोन ताटल्या पोहे होते आणि हसताना ते दुखत होते. मागचं दार उघडलं आणि हिराक्का, चाची, काकू, नसीम, दिग्या आणि मारुतीमामा हसत हसत घरात आले. आप्पा अर्धा शर्ट काढलेल्या अवस्थेत हसत होते. हसत नव्हती ती एकटी आई.

सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी डोळे पुसले. "काकू," ते म्हणाले, "मग ही अभ्यास करते कुठं?"

आई मशीनपाशी गेली. प्लॅस्टिकची फुलं तिनं खाली ठेवली, चादर ओढली, घडी केली, आणि मशीनपुढं जमिनीवर नेहमीसारखी मांडी घालून बसली. माझ्याकडं न बघता तिनं हातानं मागची जमीन थोपटली.

मी वही घेऊन गेले आणि बसले. तिच्या पाठीला पाठ लावून, गुडघे वर, गुडघ्यांवर वही. आमच्या घरात दिवा एकच, तो मशीनच्या वर टांगलेला. उजेड तेवढ्याच जागेवर पडायचा आणि तेवढ्या जागेत आई बसलेली असायची. म्हणून मी कायम अशीच बसत आले होते. तिनं मशीन चालू केलं. त्याची थरथर तिच्या पाठीतून माझ्या पाठीत आली आणि पाठीतून हातात, वहीत.

सर आमच्याशेजारी उकिडवे बसले. माझ्या वहीतली वाकडी अक्षरं त्यांनी बघितली. आता त्यांना हसू येत नव्हतं.

"काय लिहू, काकू?"

आई सुताकडं बघत होती. सूत तुटलं, तिनं ते सांधलं.

"लिवा," ती म्हणाली. "जागा न्हाई."

"आमच्यात बी न्हाई लिवा," चाची घाईनं म्हणाल्या.

"आमच्यात तर मुळीच न्हाई," काकू म्हणाल्या. "आनि पैलं लिवलंय ते खोडा, नीट."

गुरुवारी यादी लागली. तिघांचीही नावं होती. मारुतीमामांचे कपडे त्या रविवारी दुपारी तीनला गेले आणि सदलगे सरांचा शर्ट सोमवारी आप्पा स्वतः देऊन आले. गल्लीत आठवडाभर हसण्याला दुसरा विषय नव्हता. कुणीही दिसलं की दिग्या म्हणायचा, "इथं जरा टेबल आनू काय?"

आई मात्र माझ्याशी बोलत नव्हती. यादीत नाव आलं हे सांगितलं तेव्हा तिनं भिंतीला सांगितलं, "बरं झालं." जेवायला वाढलं तरी भिंतीलाच सांगायची. मी माफी मागितली, तर भिंतीला म्हणाली की दूध उतू चाललंय, बघा कुणीतरी. मला रडू यायचं. पण संध्याकाळी मी वही घेऊन तिच्यामागं जाऊन बसले की ती सरकून बसायची नाही. बोलत नव्हती, तरी पाठ तिनं काढून घेतली नाही.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी वर्ग सुरू झाला. मागच्या खोलीत खरोखरच चाळीस टेबलं होती, प्रत्येकाच्या डोक्यावर दिवा, आणि बसायला गोल लाकडी स्टुलं. माझं टेबल खिडकीशी होतं. त्याला चारही पाय सारखे होते. मी वही उघडली, तारीख घातली, एक गणित सोडवलं, आणि दुसरं डोक्यात जुळवता जुळवता रोजच्यासारखी मागं टेकले.

मागं काही नव्हतंच. मी स्टुलासकट उताणी पडले, वही तोंडावर. चाळीस टेबलं हसली. नसीम तर इतकी हसली की तिला बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं. मी उठले, परत बसले, आणि पाच मिनिटांनी परत पडले.

रात्रीच्या जेवणाआधी घरी आले तेव्हा आई कांड्या भरत होती. मी तिच्या पाठीशी सांगितलं, कारण तोंडाशी सांगायची सोय नव्हती. म्हटलं, स्टूल आहे, टेकायला गेले आणि पडले. दोनदा. सगळे हसले.

मशीन बंद झालं. आई वळली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं.

"लागलं काय?"

"न्हाई."

तिनं माझं डोकं चाचपून बघितलं, मागून, पुढून. मग परत मशीनकडं वळली. बटणावर हात ठेवला, पण दाबलं नाही.

"मी बी आज दोनदा पडता पडता ऱ्हायले," ती म्हणाली.